खडा जमा केला का?

पीटरहेडच्या धक्क्यापासून आमचा दवाखाना
चढणीवर सात मिनिटं.
इनिस बुखनला पाऊण तास लागला,
भिंतींना धरत, तीनदा थांबून,
एकदा मासळीबाजाराच्या गटारात ओकून.
डावी कूस मुठीत, कपाळाला गार घाम.

पडद्यावर मी त्याला दाखवला :
पाच मिलिमीटर.
त्याची बायको सूपमध्ये टाकते त्या मसुरीएवढा.
"एवढासा?" तो म्हणाला,
कुणी अपमान केल्यासारखा.
वादळात टनावारी मॅकरेल ओढलेला माणूस.

कळ ओसरल्यावर मी कागद पुढे केले.
एका बाटलीत औषध, मूत्रनळी सैल करेल असं वाटणारं;
दुसऱ्या बाटलीत नुसतं पीठ.
कॅप्सूल दोन्हींतली सारखीच, करडी-तांबडी.
कुणाला कोणती, हे ॲबर्डीनचा एक संगणक ठरवतो
आणि कुणालाच सांगत नाही,
डॉक्टरांना नाही, मलाही नाही.
"म्हणजे तुम्हीपण धुक्यातच," तो म्हणाला,
आणि खुशीत सही ठोकली.

रोज एक. पाणी भरपूर.
आणि दर वेळी, दर वेळी हं,
या कागदी गाळणीतून.
खडा सापडला की या डबीत.
(हे सांगताना अजूनही मी खिडकीबाहेर बघते,
एकवीस वर्षं नर्स आहे तरी.)

चौथा दिवस, फोन.
दुखणं दहापैकी किती?
"एल्स्पेथ म्हणते नऊ. मी म्हणतो चार."
फॉर्मला एकच आकडा चालतो.
चार लिहिले,
आणि पेन थोडा वेळ कागदावर तसंच टेकलेलं.

बारावा दिवस. घरी नाही.
जाऊ नका म्हणाले होते. गेला.
बोटीवर गाठला, शेटलंडच्या पलीकडे कुठेतरी.
चक्कर येते का? उभं राहताना तोल जातो?
पलीकडे हसणं, वारा, पुन्हा हसणं :
"पोरी, इथे सगळं जगच तोल जातंय.
औषधाचं कुठलं आणि लाटेचं कुठलं,
तूच वेगळं काढ."

सतरावा दिवस. त्यानेच केला.
"पडला."
कुठंय?
"काय कुठंय?"
खडा.
बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर.
"रात्री तीनला. कठड्यापाशी. वारा पाठीशी.
गाळणी खाली, बंकवर.
टपकन आवाज नाही, काही नाही.
एकदा सुरी फिरली, आणि मग
दुखत नव्हतं.
दुखत नाही म्हणजे किती नाही,
त्याला आकडा आहे का तुमच्याकडे?"

खडा पडला का : हो.
खडा जमा केला का : नाही.
कारण, इथे अर्ध्या बोटाची जागा.
मी लिहिलं : उत्तर समुद्र.
वरिष्ठांनी लाल शाईने गोल केला,
पण खोडलं नाही.

महिन्याने स्कॅन. नळी मोकळी.
कोट घालता घालता त्याने विचारलं,
"मग? औषध की पीठ?"
अजून दोनशे सहा माणसं यायचीत, म्हटलं,
तेवढ्या कुशी, तेवढ्या रात्री,
मग कुलूप उघडेल. दोन वर्षं तरी.
आणि तेव्हाही कदाचित
ठामपणे काही सांगता येणार नाही.

हे गाव सगळं गुलाबी ग्रॅनाइटचं,
घरं, चर्च, जुना तुरुंगसुद्धा.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात तशी
इथल्या दगडावर ओढावी म्हटलं
तर माझ्या हाती पेन्सिल आहे, खोडायचं रबर आहे,
आणि निम्म्या रिकाम्या चौकटी.

गाळणी त्याने परत केली नाही.
काल ओहोटीला त्याचा नातू दिसला, रॉरी,
खडकांमधल्या डबक्यात ती बुडवून बसलेला,
कडा भिजून लोळागोळा झालेल्या.
काय मिळालं, मी विचारलं.
"अजून काहीच नाही," तो म्हणाला
माझ्याकडे न बघता,
आणि पुन्हा बुडवली.